वासूस पत्र : बर्फाळ समुद्रातला हिशेब

प्रिय वासू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तुझ्या पत्राला उत्तर गेले नाही, त्याबद्दल तू मनातल्या मनात काय म्हणाला असशील ते मला पाठ आहे. तेव्हा क्षमा मागण्यात दोघांचाही वेळ घालवत नाही. प्रकृती ठीक. साखर आटोक्यात आहे, गुडघा नाही. आज लिहायला बसलो तो शलाकामुळे, आणि ज्या विषयावरून आपण २००९ साली अख्खा पावसाळा एकमेकांशी बोललो नव्हतो त्याच विषयामुळे.

शलाका आता एका नव्या कंपनीत आहे. अंटार्क्टिकाभोवतालच्या दक्षिण महासागराच्या थंड पाण्यात लोहाचे क्षार पसरायचे, त्यावर वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढवायचे, त्यांनी शोषलेला कार्बन खोल समुद्रात गेला असे मानायचे आणि तितक्या टनांची प्रमाणपत्रे उद्योगांना विकायची, असा कंपनीचा बेत आहे. प्रस्तावाचा मसुदा तिने मला पाठवला असून सल्लागार म्हणून माझी सही मागितली आहे. मानधनाचा आकडा असा आहे की तुझ्या वहिनीने तो दोनदा वाचला आणि मग चष्मा पुसायला आत गेली.

मसुदा वाईट नाही, हीच अडचण आहे. वाईट असता तर निमकर बाईंच्या पद्धतीने लाल शाईची एक तिरकी रेघ मारून परत केला असता. थंड पाण्यात कार्बन डाय-ऑक्साइड अधिक विरघळतो, माणसाने हवेत सोडलेल्या कार्बनपैकी सुमारे चतुर्थांश समुद्र घेतो आणि त्या वाट्यातला जवळजवळ ४० टक्के भाग एकटा दक्षिण महासागर उचलतो, हे तिने नेमके मांडले आहे. तिथल्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक असूनही प्लवक बेताचेच का वाढतात, याचे उत्तर लोहाच्या टंचाईत आहे हेही बरोबर. अर्धे टँकर लोखंड द्या, मी तुम्हाला हिमयुग आणून देतो, हे समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिनचे १९८८ सालचे वाक्यही तिने पहिल्याच पानावर घातले आहे. ते वाक्य त्याने निम्मे थट्टेत म्हटले होते. पण थट्टेतल्या वाक्यांवर भांडवल उभे राहते, हे तुझ्या मेहुण्याच्या कोळंबी प्रकल्पापासून आपल्याला ठाऊक आहेच.

खटकले ते अकराव्या पानावरचे कोष्टक. त्यातला सगळा हिशेब दक्षिण महासागरात लोह टाकून पाहण्याच्या २००४ सालच्या आयफेक्स प्रयोगावर बेतला आहे. त्या वेळी पोलरश्टेर्न या जर्मन संशोधन जहाजावरून लोह टाकल्यावर डायटमांचा, म्हणजे सिलिकेच्या काचेरी कवचाच्या प्लवकांचा, बहर आला आणि त्यातला निदान निम्मा भाग हजार मीटरांच्या पुष्कळ खाली बुडाला. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले आणि त्यांत खोट काढण्यासारखे मला काही दिसत नाही. मात्र त्याच जहाजावरून पाच वर्षांनी झालेल्या लोहाफेक्स प्रयोगाचा मसुद्यात एका तळटीपेपुरता उल्लेख आहे. शलाका गोव्यात शिकली. तो प्रयोग आपल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा आणि जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचा. नक्वी आणि स्मेटाचेक त्याचे प्रमुख. त्याला तळटीपेत बसवलेले पाहून मला प्रथम राग आला, मग काळजी वाटू लागली.

इथे तुझा मुद्दा निघणारच, तेव्हा आधीच सांगतो की मी तसूभरही मागे हटलेलो नाही. ७ जानेवारी २००९ रोजी जहाज केपटाऊनहून निघाले, जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाने आक्षेप घेतला, स्वतंत्र परीक्षण होईपर्यंत लोह टाकणे थांबले, आणि त्याच आठवड्यात तू वर्तमानपत्राला पत्र लिहून समुद्रात विष कालवले जात असल्याची आरोळी ठोकलीस. तीनशे चौरस किलोमीटरांवर एका खेपेला दोन टन लोखंड, म्हणजे चौरस मीटरला सात मिलिग्रॅमही नाही. आयुष्यभर टायट्रेशन शिकवलेल्या माणसाने हा भागाकार न करता पत्र टाकावे, याचे मला अजून आश्चर्य वाटते. तो प्रयोग व्हायलाच हवा होता. झाला म्हणून तर आज माझ्या हाती शलाकाला दाखवायला काही आहे.

आता त्या प्रयोगात काय दिसले ते पुन्हा लिहितो, कारण तेव्हा आपण भांडण्यात गुंतलो होतो आणि निकालावर कधी नीट बोललोच नाही. एका बंदिस्त भोवऱ्याच्या पोटात दोनदा लोह टाकले आणि तो पट्टा ३९ दिवस पाहिला. हरितद्रव्य दुप्पट झाले. पण त्या पाण्यात सिलिकेट जवळजवळ संपलेले होते, आणि कवच घडवायला सिलिका नसेल तर डायटम लोहाचे काय करणार? एकूण वनस्पतिप्लवकांत त्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी राहिला. वाढले ते बारीक फ्लॅजेलेट, म्हणजे शेपटीसारख्या तंतूने पोहणारे एकपेशीय प्लवक. त्यांच्यावर कोपेपॉड हे चिमुकले कवचधारी प्राणी तुटून पडले. कोपेपॉडांना खाणारे थेमिस्टो नावाचे अँफिपॉड (कोळंबीसारखे छोटे प्राणी) तिथे हजर होतेच. बुडणाऱ्या कणांना चिकटून खाली जाणारे थोरियम-२३४ मोजले, खाली पडणारे कण पकडायला पाण्यात तरंगते सापळे सोडले, आणि लोह टाकलेल्या पट्ट्यात व बाहेर खाली जाणारा कार्बन सारखाच भरला. सापळ्यांत सापडली ती मुख्यतः विष्ठा. थोडक्यात, जे पिकले ते वरच्या वरच खाऊन, श्वासावाटे पुन्हा पाण्यात सोडून मोकळे.

शलाकाला हे फोनवर सांगितले, तर तिने लगेच तोड काढली. सर, आपण ध्रुवीय सीमेच्या (अंटार्क्टिकाचे थंड पाणी उत्तरेच्या उबदार पाण्याला भेटते त्या पट्ट्याच्या) दक्षिणेला जाऊ, तिथे सिलिकेट भरपूर आहे. बरोबर आहे. पोरगी हुशार आहे हे मी देशपांडे सरांना तेव्हाच म्हणालो होतो. पण मग मी कपाटातून जुन्या काचपट्ट्या काढल्या आणि फ्रॅजिलॅरिओप्सिस केर्गुएलेन्सिस हा डायटम पुन्हा पाहिला. तू हा कधी भिंगाखाली पाहिला नाहीस. आडव्या बरगड्यांची जाड काचेची पेटी, तशा कित्येक पेट्या कडेला कड लावून झालेली पट्टी, आणि आत आयोडीनने तपकिरी झालेला जीवद्रव्याचा इवलासा गोळा. कवच इतके मजबूत की कोपेपॉडाच्या जबड्याला ते सहज फुटत नाही. आयफेक्समध्येच दिसून आले की अशा जाड कवचाच्या जाती प्रामुख्याने सिलिका खाली नेतात आणि कार्बन बराचसा वरच ठेवतात, तर पातळ कवचाचे किटोसेरॉससारखे डायटम बहर ओसरताना गुठळ्या करून कार्बनासकट बुडतात. म्हणजे डायटम आले एवढे पुरत नाही, कोणते आले तेही पाहावे लागते. आणि कोणते यावेत हे लोह टाकणाऱ्याच्या हातात नाही. ते आधीपासून त्या पाण्यात कोण तग धरून होते आणि त्यांना खाणारे किती होते यावर ठरते. कोष्टकात मात्र सगळ्यांसाठी एकच रकाना आहे.

यापुढची गोष्ट मला अधिक छळते. शंभर वर्षे कार्बन हवेबाहेर राहील असे प्रमाणपत्रात लिहायचे आहे. तीनशे-चारशे मीटरांपर्यंत गेलेला बराचसा कार्बन हिवाळी वादळांत पाणी घुसळले की वर येणार. हजार मीटरांखाली गेला तर शतके राहील, पण तिथवर किती गेला हे पाहायला जहाज थांबायला हवे, आणि जहाजाचे रोजचे भाडे कंपनीला परवडत नाही म्हणून उपग्रहावरून हिरवा रंग मोजून भागवायचे ठरले आहे. हिरवा रंग लोहाफेक्समध्येही दुप्पट झाला होता, वासू!

शिवाय तिथे खर्ची पडलेले नायट्रेट आणि सिलिकेट परत कोण देणार? दक्षिण महासागरातून उत्तरेकडे सरकणारे पाणीच उष्ण कटिबंधातल्या समुद्रांना क्षार पुरवते. दक्षिणेत ओरबाडले तर उत्तरेत उणे पडेल, आणि त्या वजाबाकीला मसुद्यात जागा नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या केर्गुलेन बेटांच्या पठारावर निसर्ग स्वतःच हे काम करतो. तळाकडून लोह आणि बाकीचे क्षार सतत, थोडे थोडे वर येत राहतात. तिथे लोहाच्या दर कणामागे जितका कार्बन खाली जातो तो जहाजावरून ओतलेल्या लोहाच्या निदान दसपट भरल्याचे फ्रेंचांनी २००७ साली दाखवले. हा दाखला शलाकाने उत्साहाने घेतला आहे, पण सतत झिरपणे आणि एका दुपारी टाकी रिकामी करणे यांतला फरक गाळून.

मग सरळ नाही म्हणून का सांगत नाही, असे तू विचारशील. त्या कंपनीत सूक्ष्मदर्शकातून प्लवक मोजलेली ती एकटीच आहे. मी सही नाकारली तर ती दुसऱ्या कुणाची घेतली जाईल, आणि तो गृहस्थ कोष्टक वाचणारही नाही. २०१२ साली कॅनडाच्या हैदा ग्वाई बेटांजवळ सुमारे शंभर टन लोहक्षार कार्बन विकण्याच्या आशेने असेच ओतले गेले आणि त्यातून धड विज्ञानही हाती लागले नाही. दुसरीकडे, सही केली तर माझ्या नावावर ते टन विकले जातील. वहिनी म्हणते, पैसे घ्या आणि आत राहून भांडा. आत राहून भांडणाऱ्यांचे काय होते ते आपण बंडूच्या बाबतीत पाहिले.

तुझे राहूनच गेले. सुलभाचे मोतीबिंदू झाले का? नातीचा अकरावीचा प्रवेश कुठे? आमरसाचा डबा पोचला, उत्तम होता, वेलची जास्त.

मी ठरवले आहे ते असे. सही करायची नाही, पण नकारासोबत शलाकाला अटींचे एक पत्र द्यायचे: जहाज निदान एक पूर्ण हंगाम थांबेल, थोरियम आणि सापळे दोन्ही असतील, जातवार मोजणी होईल, आणि तोवर एकही प्रमाणपत्र विकले जाणार नाही. या अटी कंपनी मान्य करणार नाही हे उघड आहे. परंतु तिच्या हातात कागद तरी राहील. मसुदा सोबत जोडला आहे. अकरावे पान आधी बघ, त्यातले कार्बन-लोह गुणोत्तर मला दोन ठिकाणी वेगळे दिसते आणि तुझा भागाकार (केलास तर) माझ्यापेक्षा चोख असतो. रविवारपर्यंत फोन कर, सोमवारी तिला उत्तर द्यायचे आहे. दुपारी दोन ते चार मात्र करू नकोस.

तुझा,
अण्णा