चिंध्या होतात त्या पातळ पांढऱ्याच्या

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल तू पाठवलेला फोटो पाहिला. सलग तिसऱ्यांदा पातेलंभर चिंध्या झाल्या म्हणून पोच्ड एगचा, म्हणजे कवच फोडून गरम पाण्यात शिजवलेल्या अंड्याचा, नादच सोडायचा म्हणतेस. थांब जरा. दोष तुझ्या हाताचा नाही, अंड्याचा आहे. मला हे कळायला फार उशीर लागला, म्हणून तुला सविस्तर लिहिते.

एक अंडं बशीत फोडून नीट बघ. बलकाला धरून घट्ट, उंचसर पांढरा भाग असतो आणि त्याच्या बाहेर पाण्यासारखा पातळ भाग पसरतो. चिंध्या होतात त्या या पातळ भागाच्या. अंडं जुनं होत जातं तसा कवचाच्या छिद्रांमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि घट्ट पांढराही हळूहळू सैल पडतो. मग कितीही जपून सोडलंस तरी अंडं पसरणारच. आणलेलं अंडं किती ताजं आहे कळत नसेल तर गार पाण्यात ठेवून बघ. तळाशी आडवं पडलं तर ताजं. उभं राहिलं तर जुनं, ते उकडायला ठेव, सोलायला सोपं जाईल. तरंगलं तर घेऊच नकोस.

ताज्या अंड्यातही थोडं पातळ असतंच. त्यासाठी अंडं बारीक जाळीच्या गाळणीत फोड आणि अर्धा मिनिट अलगद फिरव. पातळ भाग खाली गळून जातो, उरतो तो गोळीबंद ऐवज. तो हळूच वाटीत घे. बाकी सगळ्या युक्त्या एकीकडे आणि ही गाळणी एकीकडे, असं मी अगदी मनापासून सांगते.

आता पाणी. पसरट पातेल्यात चार बोटं पाणी उकळव आणि मग आच इतकी कमी कर की तळाला बुडबुडे चिकटलेले दिसतील, पण वर येऊन फुटणार नाहीत. साधारण 80 ते 85 अंश सेल्सिअस. खळखळत्या पाण्यात अंडं आपटून फाटतं. लिटरभर पाण्याला चमचाभर व्हिनेगर पुरे, आंबटपणामुळे पांढरा पटकन आळतो. जास्त घातलंस तर वरची कांती खरखरीत होते आणि चवही लागते. मीठ पाण्यात नको, वाढताना वरून घाल.

वाटीची कड पाण्याला टेकवून अंडं आत सरकव. वरून टाकू नकोस. पाण्यात भोवरा करण्याची पद्धत एका अंड्यापुरती ठीक. दोन-तीन अंडी एकदम करायची तर भोवऱ्यात ती एकमेकांत गुंततात. तीन मिनिटांत बलक वाहता राहतो, चार मिनिटांत दाटसर होतो. झाऱ्यावर उचलून बोटाने हलकेच दाबून बघ: पांढरा घट्ट आणि मध्ये मऊ लागलं की झालं. मग स्वच्छ कापडावर टेकवून पाणी टिपून घे, नाहीतर खालचा पाव भिजून लगदा होतो. कडेला शेपट्या राहिल्याच तर कात्रीने काप.

रविवारी मैत्रिणी येणार आहेत ना? मग सकाळी घाई करू नकोस. आदल्या रात्रीच अंडी करून लगेच बर्फाच्या पाण्यात टाक आणि त्याच पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेव. वाढायच्या आधी मिनिटभर गरम पाण्यात सोडलीस की पुन्हा ताजी होतात, आकारही मोडत नाही. मात्र तुझी जी मैत्रीण गरोदर आहे, तिच्या अंड्याचा बलक पूर्ण घट्ट होऊ दे. कच्चट बलकातून साल्मोनेला या जंतूची बाधा होऊ शकते, तिथे देखणेपणाचा विचार करू नकोस.

रविवारचे फोटो पाठव. एक कापण्याआधीचा आणि एक बलक वाहू लागल्यावरचा.

तुझी,
आई