पहिल्या क्रमांकावर पुणे टाकू द्या

पुणे, जुलै

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, इकडे सगळं बरं आहे. फोनवर हा विषय काढला की बाबा 'बरं बरं, पाहू' म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले. डवरणीच्या गडबडीत असाल तर रात्री जेवणं झाल्यावर दादाला वाचून दाखवायला सांगा. त्याच्या गुड्डीला नको, विषय तिचाच आहे.

परवा तिचा फोन आला होता. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या, कॅपच्या फॉर्ममध्ये आजोबांनी अमरावती पहिलं टाकायला सांगितलं, म्हणाली. बाबा, या फॉर्मची गोम अशी आहे की पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं, तर तेच घ्यावं लागतं. पुढच्या फेरीची वाट पाहता येत नाही. तिचे सीईटीचे मार्क पाहता अमरावतीचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज पहिल्याच फेरीत लागेल. मग पुणे लागलं असतं की नाही, हे कधी कळणारच नाही.

अमरावतीला मी नावं ठेवत नाही. १९६४ सालचं कॉलेज आहे, तिथून शिकलेली पोरं कुठल्या कुठे गेली. पुणे नाही लागलं तर तेच, दुसऱ्या क्रमांकावर टाकायला मीच तिला सांगितलंय. पण पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ पासून चालू आहे, आता त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालंय. तिथे जागा लागण्याची थोडी जरी शक्यता असली तरी ती आपल्या हातानं घालवू नये.

तुम्ही म्हणाल, पुस्तकं तर सगळीकडे तीच. खरंय. मी इथे पुण्यात बीएस्सीला होते तेव्हा माझीही पुस्तकं तीच होती. फरक कुठे पडला ते सांगते. डिपार्टमेंटच्या बोर्डावर उन्हाळी प्रोजेक्टची नोटीस लागली, सरांनी चिठ्ठी दिली आणि मी सिटी बसनं पाषाण रोडच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेले. एका खोलीत शिरण्याआधी घड्याळ आणि एटीएम कार्ड बाहेरच्या टेबलावर ठेवायला लावलं. आत रेणूंची रचना तपासायचं एनएमआरचं यंत्र होतं, त्यातला चुंबक कायम चालू असतो, कार्ड जवळ नेलं तर निकामी होतं. आपल्या अंगणातल्या टाकीपेक्षा उंच ते धूड मी तोवर फक्त आकृतीत पाहिलं होतं, परीक्षेत चार मार्कांना काढलंही होतं. आज मी ज्या लॅबमध्ये पगार घेते, तिथल्या मुलाखतीत त्याच कामाबद्दल विचारलं. माझ्यापेक्षा हुशार पोरी आपल्या दारव्ह्याच्या कॉलेजात होत्या. त्यांना ती नोटीस दिसली नाही, एवढंच.

आता भाऊसाहेबांची, पंजाबराव देशमुखांची गोष्ट. 'पंजाबरावांनी वऱ्हाडात कॉलेजं काढली ती पोरं बाहेर जाऊ नयेत म्हणूनच ना,' असं तुम्ही दादाला म्हणालात म्हणे. तुम्ही त्यांच्या शिवाजी संस्थेच्या शाळेत शिकलात, तुमचा तो हक्कच आहे. पण पापळचा तो मुलगा आधी पुण्याच्या फर्ग्युसनला शिकला, मग विलायतेला गेला, आणि परत येऊन त्यानं संस्था काढली. गुड्डी परत येईल असा शब्द मी देत नाही. मीही आले नाही, ते तुम्हाला सलतं हे मला कळतं.

पैशाचं आई विचारत होती. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ओबीसी मुलींना अशा कोर्सची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे. राहणं-खाणं त्यात नाही. सरकारी वसतिगृह नाही मिळालं तर सावित्रीबाई फुले आधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६० हजार असतात: जेवणाचे ३२, खोलीचे २०, वरखर्चाचे ८. बाबांच्या हिशेबानं सांगायचं तर मध्यम धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७७१० होता, म्हणजे जवळपास आठ क्विंटल. पण योजनेत जागा ठरलेल्या असतात, आणि मेसवाला पैसे आधी मागतो. सुरुवातीचे महिने मी पाहीन. खेड्यातल्या पोरांसाठी १९५५ पासून चालू असलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचाही अर्ज भरायला मी तिला सांगितलंय. दादानं फक्त सेतूत जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर काढून ठेवावं. जात पडताळणीची पावती कुठे आहे ती शोधा. मागे ती पोथीच्या कपाटात होती.

गावातली पोरं पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये वर्षानुवर्षं एमपीएससी करत बसलीत, ती भीती मला मान्य आहे. मी रोज पाहते. तीस वर्षांचा माणूस वडापाववर दुपार काढतो आणि घरी 'या वर्षी नक्की' सांगतो. पण गुड्डी परीक्षेच्या तारखेची वाट पाहायला येत नाही, पदवीला येतेय. चार वर्षांनी कोर्स संपतो. बोलण्यावरून हसतील तिला, मलाही हसल्या होत्या. 'काहून' म्हटलं की आख्खी मेस खिदळायची. नंतर त्याच पोरी जवसाच्या चटणीसाठी माझी पेटी उघडायच्या, आईला माहीतच आहे.

एक विचारू, बाबा? रागावू नका. 'पोरीच्या जातीले एवढ्या लांब कायले धाडता' हे तुम्ही म्हणता, पण मला पाठवताना असं बोलला नव्हता. तेव्हा तुम्ही पन्नाशीत होता. आता बीपीची गोळी गुड्डी देते, ई-पीक पाहणीचे फोटो बांधावर जाऊन ती काढते, आईचा गुडघा ती शेकते. ती गेली की घर कसं चालणार, ही काळजी खरी आहे, ती मोकळेपणानं बोला. माझ्याकडे त्यावर पूर्ण उत्तर नाही. दादानं ई-पीक शिकावं, त्यात कठीण काही नाही. गोळ्यांचं वहिनीशी बोलले, ती बघते म्हणाली. गुडघ्याला आईनं दिवाळीनंतर इकडे यावं, डॉक्टरांना दाखवू. आझाद हिंदला बडनेऱ्याहून थेट पुणे आहे, दादा बसवून देईल.

फॉर्म शनिवारपर्यंत भरायचा आहे. माझ्या सांगण्यानं ती पुणे वर टाकणार नाही, मी विचारून पाहिलं. ती तुमच्या तोंडाकडे पाहतेय. तेवढं तुम्ही स्वतः तिला सांगा, दादाकरवी नको.

तुमची,
थोरली