कोंबड्याचा काही दोष नाही

प्रिय आई आणि बाबा,

बाबा, अंडी उबवायच्या मशीनमध्ये मांडलेल्या तीस अंड्यांतून अकराच पिल्लं निघाली म्हणून तुम्ही न फुटलेल्या अंड्यांचे जे फोटो पाठवलेत, ते मी सगळे मोठे करून नीट बघितले, काल दुपारच्या सुट्टीत आमच्या हॅचरीतल्या सुपरवायझर बाईंनाही दाखवले. सगळ्यात आधी एक सांगते, त्या तांबड्या कोंबड्याला गौरीच्या तिखट्या सणाला कापायचं जे ठरवलंय ते रद्द करा. तीस अंड्यांत नुसती चार कोरी निघाली, म्हणजे सव्वीस अंडी फळलेली होती, आणि चौदा कोंबड्यांमागे तो एकटा आहे! आम्ही दहा कोंबड्यांमागे एक नर धरतो. दुसरा एखादा तरणा कोंबडा आणा हवं तर, पण पिल्लं कमी आली त्याचं खापर ह्याच्यावर फोडू नका.

आणि आई, मशीनलाही शिव्या देणं बंद कर. तू म्हणतेस आमची खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी टोपलीत पेंढ्यावर बसवली तर डझनात दहा-अकरा काढते आणि ह्या थर्माकोलच्या डब्याने तीसात अकराच दिली, ते खरं आहे, पण मशीन बिघडलेलं नाही, ते घाटावरच्या हवेसाठी सांगितलेल्या पद्धतीने कोकणातल्या पावसात चालवलंय. कसं ते सांगते, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

बरं झालं बाबांनी न फुटलेली अंडी उकिरड्यावर टाकायच्या आधी फोडून फोटो काढले. आमच्याकडे ह्याला ब्रेकआउट म्हणतात, प्रत्येक बॅचनंतर न फुटलेली अंडी फोडून बघायची, वास येतो, नाकाला रुमाल बांधायचा, पण पिल्लू कितव्या दिवशी मेलं ते कळलं की चूक कुठे झाली ते निम्मं कळतं. पहिल्या चार-पाच दिवसांत मेलं तर आत रक्ताची बारीक रिंग दिसते. ती तुमची तीन अंडी. मधल्या दिवसांत मेलेलं तुमच्यात एकही नाही, म्हणजे अंडी फिरवण्यात आणि कोंबड्यांच्या खाण्यात फारसं काही चुकलेलं नाही, आणि ते बरोबरच आहे, परसात किडे-पाला खाणाऱ्या कोंबड्यांना जीवनसत्त्वं कमी पडत नाहीत. उरलेली बारा मात्र पूर्ण वाढलेली, पिसं आलेली, चोच असलेली पिल्लं, अगदी शेवटच्या दोन दिवसांत गेलेली. खरा घोळ तिथे आहे.

फोटो नंबर सहा बघा, ज्यात बाबांचा अंगठा आलाय. पिल्लू ओलं गिच्च आहे, अंगाला चिकट पांढरं लागलंय, आणि अंड्याच्या बोथट टोकाची हवेची पोकळी एवढीशी राहिलीय. एकविसाव्या दिवशी ती पोकळी अंड्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तरी हवी. आतलं पाणी कवचाच्या बारीक छिद्रांतून हळूहळू उडून जातं तशी ही पोकळी मोठी होते, आणि पिल्लू कवच फोडायच्या आधी चोच पहिल्यांदा ह्याच पोकळीत घालतं, तिथली हवा घेऊन त्याची फुप्फुसं चालू होतात. पोकळी लहान म्हणजे हवा कमी आणि पाणी जास्त. ती बाराच्या बारा नाही म्हणणार मी, पण त्यातली बरीचशी आतल्या आत बुडून गेली असं समजा.

आता हे झालं कशामुळे, तर बाबा तुम्ही व्हिडिओत बघून पहिल्या दिवसापासून मशीनच्या दोन्ही खोबणी पाण्याने भरून ठेवल्यात. तो व्हिडिओवाला दुष्काळी पट्ट्यातला असणार, तिकडे उन्हाळ्यात हवेत ओलावाच नसतो म्हणून पाणी लागतं. आपल्याकडे श्रावणात भिंतींना बुरशी येते, पापड दोन मिनिटांत मऊ पडतात, खोलीतच पंच्याऐंशी टक्के ओलावा. ती हवा मशीनमध्ये ३७.५ डिग्रीपर्यंत तापली की तोच ओलावा मशीनमधल्या ओलावा मोजायच्या मीटरवर ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास दिसतो, आणि पहिले अठरा दिवस तेवढाच पुरतो, म्हणजे पाण्याचा थेंबही घालायची गरज नाही. दोन्ही खोबणी भरल्यावर तो सत्तरच्या वर गेला असेल. अठराव्या दिवसापर्यंत मशीन कोरडंच ठेवायचं, त्यानंतर पाणी भरून ६५-७० वर न्यायचं. आणि ओलावा पाणी किती खोल आहे त्यावर नाही, पाण्याचा पृष्ठभाग किती पसरलाय त्यावर असतो, म्हणून अजून वाढवायचा असेल तर खोबणी काठोकाठ भरून उपयोग नाही, एखादा ओला स्पंज ठेवायचा.

मीटरवर विश्वास ठेवायच्या आधी तो तपासून घ्या, हे स्वस्तातले मीटर दहा-दहा टक्के चुकीचं दाखवतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या रेतीसारखं करा, विरघळवायचं नाही, आणि ते झाकण आणि मीटर दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला पाहिजे. ६८ दाखवला तर तुमचा मीटर सात कमी सांगतो, तेवढे मनात मिळवायचे, बस. थर्मामीटरचंही तसंच, ताप बघायचं डिजिटल थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर दोन्ही एकाच कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवा आणि आकडे जुळतात का बघा. ३७.५ म्हणजे आपल्या तापाच्या भाषेत ९९.५, अंगात जरा कणकण असते ना तेवढं. अर्धा डिग्री इकडे तिकडे म्हणजे काय असं वाटतं पण एकवीस दिवस अर्धा डिग्री जास्त राहिलं तर पिल्लं लवकर निघतात, बेंबी नीट मिटलेली नसते, आणि कमी राहिलं तर बावीस-तेवीस दिवस खेचतात आणि अशक्त येतात.

ओलाव्याचा आकडा मला तर शेवटी दुय्यमच वाटतो, खरं उत्तर वजन देतं. आईचा तो स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहेच. मांडायच्या वेळी दहा अंड्यांवर पेन्सिलने खूण करा, एकेकाचं वजन वहीत लिहा आणि मग एकत्र वजन करा. आपली गावठी अंडी चाळीस-बेचाळीस ग्रॅमची, म्हणजे दहांचे ४२० धरा. सातव्या दिवशी ४०० च्या आसपास, चौदाव्याला ३८०, अठराव्याला ३७० यायला पाहिजे, म्हणजे एकूण बारा टक्के गेले. सातव्या दिवशी ४१२ दिसलं तर खूप ओलं चाललंय, खोबणी रिकाम्या करा, हवेची भोकं उघडा. ३८५ दिसलं तर उलट, थोडं पाणी घाला. दहांतलं एखादं कोरं निघून काढावं लागलं तर त्याचं सुरुवातीचं वजन हिशोबातून वजा करायचं, म्हणून खुणांवर नंबर घाला. बाबा, तुम्ही बँकेत तीस वर्षं आकडेमोड केली, हे तुम्हाला आवडेलच.

हवेच्या भोकांचं मात्र मला वाईट वाटलं. लाईट जाते आणि ऊब निघून जाते म्हणून तुम्ही त्यावर चिकटपट्टी लावलीत. पहिल्या आठवड्यात त्याने काही बिघडत नाही, पण शेवटच्या तीन-चार दिवसांत आत वीस-बावीस जिवंत पिल्लं असतात, त्यांना तेव्हाच सगळ्यात जास्त हवा लागते आणि स्वतःची उष्णताही ती करत असतात. ओलं आणि बंद, दोन्ही एकत्र आलं. लाईट गेली तर दोन-तीन तास झाकण उघडूच नका, पहिल्या दिवसांतली अंडी थोडी गार झालेली सहन करतात, जास्त तापलेली नाही करत. रात्रभर जाणार असेल तर मशीनवर जुनी गोधडी टाका पण भोकं मोकळी ठेवून. छोटा इनव्हर्टर मी गणपतीला येताना बघते, एवढ्याशा मशीनला फार मोठा लागत नाही.

फोटोतली दोन पिल्लं उलटी आहेत, डोकं निमुळत्या टोकाला, जिथे हवेची पोकळीच नाही. अंडी ट्रेमध्ये उभी ठेवताना बोथट टोक वर पाहिजे. गावठी अंडं गोलसर असतं, कुठलं टोक कुठलं ते कळत नाही, तर अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर धरा, पोकळीची फिकट टोपी दिसेल ती बाजू वर.

आणि ती रक्ताच्या रिंगवाली तीन. आई, तू पंधरा दिवसांची अंडी जमवून मग मांडलीस ना? इतके दिवस नको गं. पाच-सहा, फार तर सात दिवस. आणि फडताळात वरती नको, तिथे ऊब असते, अंडं चुलीजवळ किंवा गरम खोलीत राहिलं की आत थोडं वाढायला लागतं आणि मग मधेच मरतं. माठाच्या बाजूला जमिनीवर टोपलीत ठेव, फ्रिजमध्ये अजिबात नको. धुवायची पण नाहीत, शेण लागलेली बाजूला काढून खायला वापर, धुतल्यावर अंड्यावरचं पातळ संरक्षक आवरण जातं आणि जंतू आत जातात.

आता अवघड विषय, त्या पिल्लाचा जे तू हाताने सोडवलंस आणि गेलं. मला माहीतेय तुला रात्रभर झोप लागली नसेल. पिल्लाने टोच मारून बारीक भोक पाडलं की पुढे बारा ते चोवीस तास ते नुसतं पडून असतं, आपल्याला वाटतं अडकलं, पण त्या वेळात ते कवचाच्या आतल्या पडद्यातल्या नसांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. तेव्हा कवच काढलं की नसा तुटतात. म्हणून भोक पडल्याची वेळ वहीत लिहायची आणि गप्प बसायचं, झाकण उघडायचं नाही, कारण उघडलं की ओलावा जातो, पडदा सुकून पिल्लाला कातड्यासारखा चिकटतो आणि मग ते खरंच अडकतं. चोवीस तास उलटून गेले, काहीच पुढे सरकलं नाही, आणि पडदा पिवळट कोरडा दिसतोय, तेव्हाच हात लावायचा. कोमट पाण्याचा बोळा फिरवून पडदा ओला करायचा, भोकापासून कवचाचा अगदी छोटा तुकडा काढायचा, लाल नस दिसली किंवा रक्ताचा ठिपका आला की तिथेच थांबून परत मशीनमध्ये ठेवायचं, दोन-तीन तासांनी पुन्हा बघायचं. आमच्याकडे कोणी मदत करत नाही, हजारोंत ते शक्यच नाही, पण घरी दोन-चार वाचली तर का नाही.

निघालेली पिल्लंही लगेच काढू नका, पिसं सुकून फुलू देत. पोटातल्या बलकावर ती दोन-तीन दिवस न खाता राहू शकतात, भुकेने मरतील ही भीती सोडा. पाय फाकलेली दोन पिल्लं होती म्हणता, ते तुम्ही खाली घातलेल्या वर्तमानपत्रामुळे, गुळगुळीत कागदावर पाय घसरतात, तागाचं पोतं घाला.

एक युक्ती मात्र आईच्या बाजूची. मशीनमधून निघालेली पिल्लं रात्री अंधारात खुडूक कोंबडीच्या पोटाखाली सरकवली की सकाळी ती त्यांना आपलीच समजते, मग बल्ब, वीजबिल, मुंगूस, सगळी काळजी तीच करते. तर पुढच्या वेळी मशीन मांडाल त्याच दिवशी एक कोंबडीही रवणीला बसवा, थोडी अंडी तिच्याखाली, बाकीची मशीनमध्ये. दोघांचं भांडण पण मिटेल, कोणाची जास्त निघतात ते समोरासमोर कळेल.

आता लगेच मांडू नका पण. एकवीस दिवस मोजलेत तर पिल्लं निघायची वेळ बरोबर गौरी-गणपतीत येते, घरात पाहुणे, पोरंटोरं दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघणार. तोपर्यंत मशीन साबणाच्या पाण्याने धुवून, जंतुनाशक फिरवून पंख्याखाली कडकडीत सुकवा, कोपऱ्यातली पिसं ब्रशने काढा. विसर्जन झालं की मी दोन दिवस जास्त राहणार आहे, तेव्हा टॉर्चवर बघून बघून एकत्र मांडू. बाबा, मिठाची टेस्ट मात्र आजच लावा आणि सकाळी आकडा पाठवा, आणि फोटोत अंगठा नको.

तुमची,
ताई