सूचना : स्वयंसेवी कामाची नोंद ठेवा

सर्व विद्यार्थी सदस्यांना,

सामाजिक संस्थेत स्वयंसेवक किंवा इंटर्न म्हणून काम करत असाल, तर कामाची नोंद रोजच्या रोज लिहा : तारीख, तास, नेमकं काय केलं, त्यातून काय बदललं. मुलाखतीत नुसतं ‘समाजकार्य केलं’ म्हटलं, तर समोरच्याला काहीच कळत नाही. ‘४० मुलांची हजेरी तपासली, सतत गैरहजर राहणाऱ्या ७ जणांच्या घरी जाऊन बोललो’ असं सांगितलं, की पुढचा प्रश्न आपोआप येतो.

लहान संस्थेत माणसं कमी, म्हणून सर्वेक्षण, हिशेब, देणगीदारांचे अहवाल असं बरंच काही इंटर्नच्या हाती येतं. तिथेच एखाद्याला आकडेवारीची गोडी लागते, तर एखादीला उमगतं की हे क्षेत्र आपलं नाही. मला तर हे दुसरं उमगणंही तितकंच मोलाचं वाटतं. पदवीनंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

रुजू होण्याआधी कामाचं स्वरूप, तास आणि मानधन लेखी घ्या. निघताना अनुभवपत्र मागा, आणि ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलं त्यांच्याकडूनच शिफारसपत्र घ्या.

जवळपास संधी नसेल, तर संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ वर्षांवरील व्यक्तींना ऑनलाइन कामासाठी अर्ज करता येतो.

५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन आहे. त्याआधी प्रत्येकाने आपली नोंद पूर्ण करून गटात पाठवावी. लिहिताना अडलात, तर निःसंकोच विचारा. आपण एकत्र बसून लिहू.