भयपटाला आलेले आत्मभान

महोदय,

भयपट म्हणजे निव्वळ रक्तपात, असे मानणाऱ्यांनी वेस क्रेव्हन दिग्दर्शित 'स्क्रीम' (१९९६) अवश्य पाहावा. केव्हिन विल्यमसन यांच्या पटकथेतील तरुणांनी असे चित्रपट आधीच पाहिलेले असल्याने, जिवंत राहायचे तर काय टाळावे याचे नियम ते एकमेकांना ऐकवतात आणि तरीही मारेकऱ्याच्या तावडीत सापडतात. ड्रू बॅरिमोरसारख्या प्रसिद्ध अभिनेत्रीचे पात्र पहिल्याच प्रसंगात संपवण्याचे धाडस तर प्रेक्षकाला निराधार करून सोडते. आमच्याकडे कोकणात दशावतारी नाटकातल्या संकासुर या राक्षसाचा वध ठरलेला असूनही जत्रेतला प्रेक्षक खिळून राहतो. 'स्क्रीम'मध्ये मात्र मारेकऱ्याच्या मुखवट्यामागे कोण, हाच प्रश्न अखेरपर्यंत छळतो (उत्तर सांगणे गैर ठरेल). शेवटची झटापट मला किंचित लांबलेली वाटली.

— एक वाचक, मालवण