आठ रात्री, पण एकाच घरात

पुणे,
२२ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा टूरचा कागद काल रात्री मुलं झोपल्यावर नीट वाचला. मे महिन्यात लेकरांना घेऊन हिमाचलला जायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. पण तो कागद वाचून जीव थोडा धास्तावला, म्हणून फोनवर बोलण्याऐवजी सविस्तर लिहायला बसलो. सिमला दोन रात्री, मनाली तीन, धरमशाळा, डलहौसी आणि अमृतसर एकेक. आठ रात्रींत पाच हॉटेलं! तुझी थोरली पाच वर्षांची, धाकट्याला अजून दोन पूर्ण नाहीत. जरा रुळली की उचलायची, पुन्हा गाडीत कोंबायची, पुन्हा घाट. अरे, मोठ्यांचंही अंग आंबून जातं त्यात.

गेल्या मे महिन्यात आम्ही असंच केलं. मनालीच्या वरच्या रोहतांग खिंडीचं तुला कधी नीट सांगितलं नाही, कारण आठवलं की अजून अपराधी वाटतं. पहाटे चारला मुलांना झोपेतून उठवलं. वाटेत भाड्याचे गमबूट आणि लांब कोट घेतले. छोटीच्या कोटाच्या बाह्या तिच्या गुडघ्यापर्यंत येत होत्या. वर गाड्यांची रांग हलेना. पोचेपर्यंत पोर गप्प झाली होती. बर्फ दाखवला तर बघेना, दूध घेईना, मग दोनदा उलटी झाली. आम्ही म्हणत होतो, घाट लागला असेल. ड्रायव्हरने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता गाडी वळवली. कोठी गावाशी उतरलो तेव्हा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बाबा, बिस्कीट." ही आणि मी दोघंही रडलो.

पुण्यात आल्यावर बालरोगतज्ज्ञांनी समजावलं. २,५०० मीटरच्या वर कुणालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. मोठा माणूस डोकं दुखतंय म्हणतो. दोन वर्षांचं लेकरू फक्त किरकिर करतं, खात नाही, झोपत नाही, ओकतं. त्यावर पहिला उपाय एकच, खाली उतरायचं. मनाली साधारण २,००० मीटरवर आहे आणि रोहतांग ३,९७८. आपण दोघं कॉलेजात असताना कळसूबाई चढलो होतो, ते १,६४६ मीटर. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी ठेवली तरी रोहतांग आणखी वर उरतो, आणि तिथे आपण एका सकाळी लेकरांना नेतो! अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला जायचं म्हटलं, तरी ते गाव ३,००० मीटरच्या वरच आहे. ही दोन्ही ठिकाणं यंदा सोड. पोरं दहा-बारा वर्षांची झाली की नेऊ.

आता माझ्या मनातलं सांगतो. आपण दोन्ही कुटुंबं मिळून नग्गरला जाऊ आणि आठही रात्री तिथेच राहू. मनालीच्या अलीकडे वीसेक किलोमीटरवर, बियास नदीच्या डाव्या तीरावरचं हे गाव आहे. उंची साधारण १,८०० मीटर. दिवसा स्वेटर काढावा लागतो, रात्री रजई लागते. मागच्या वेळी आम्ही तिथे जेमतेम एक दुपार थांबलो होतो आणि सगळ्या सहलीत मुलांना तीच आठवते. सफरचंदाच्या बागेतून पाण्याचा पाट वाहत होता. छोटी पाटाच्या काठी उकिडवी बसून एकेक खडा पाण्यात टाकत होती आणि प्रत्येक 'डुबुक'ला माझ्याकडे वळून बघत होती. दीड तास! थोरल्याने पाइनचे कोन गोळा करून खिसे फाटेस्तोवर भरले. आम्ही मात्र घड्याळाकडे बघत होतो, मनालीचं हॉटेल गाठायचं म्हणून.

पाहायलाही तिथे पुरेसं आहे. कुल्लूच्या राजांचा जुना वाडा आहे. दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळयांचा एक थर, अशा त्याच्या भिंती आहेत. वर चालत गेलं की निकोलस रोरिक या रशियन चित्रकाराचं घर लागतं. हिमालय रंगवत तो तिथेच राहिला आणि १९४७ साली तिथेच वारला. थोरलीला डोंगर काढायला आवडतात ना? तिला ती निळी-जांभळी शिखरं दाखवायचीच. जेवायला वाफवलेला सिड्डू मिळतो. आत अक्रोडाचं किंवा खसखशीचं सारण असतं, वरून तुपाची धार. धाकटाही खाईल. तरी मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व घेच.

पुण्या-मुंबईहून चंदीगडपर्यंत विमान, तिथून पुढे गाडी. एका दिवसात नग्गर होतं, पण मुलांसाठी वाटेत मंडीला मुक्काम करू, तो या आठ रात्रींच्या वरचा. मंडीच्या पुढे रस्ता दरडींचा आहे, तो दिवसाउजेडीच पार करायचा. दर दीड तासाला थांबायचं. निघताना पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. घाटाचं औषध आणि त्याचा डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचार. कालका-सिमला गाडीचा मोह मलाही आहे. १९०३ सालची ती छोटी गाडी, शंभरावर बोगदे, पोरं वेडी होतील. पण सिमल्याहून नग्गरला यायचं म्हणजे आणखी एक अख्खा दिवस गाडीत. ती पुढच्या खेपेला.

घर ठरवताना मालकांना विचारायचे प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत. पहिलाच प्रश्न, रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्या किती? मागे एका ठिकाणी झोपलेली पोर खांद्यावर घेऊन नव्वद पायऱ्या चढलोय. तुझ्या आईही येणार असतील तर त्यांच्या गुडघ्यांचा विचार आधी. दुसरा प्रश्न, गच्चीच्या कठड्याच्या गजांतून मुलाचं डोकं जाईल का? स्वयंपाकघर वापरू देतात का, हेही विचारायचंच.

शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि तिकडे पाऊस जूनअखेरीस सुरू होतो, तेव्हा २० मे ते १ जूनमधल्या तारखा बघ. टूरवाल्याला आगाऊ पैसे दिले नसशील तर अजून देऊ नकोस. रविवारी संध्याकाळी फोन करतो. तोवर वहिनींशी बोलून ठेव, कारण डलहौसी त्यांना हवंय हे मला ठाऊक आहे आणि त्यांचं मन मोडून काही करायचं नाही.

आईंना साष्टांग नमस्कार. पोरांना पापा.

तुझा,
होस्टेलचा खोलीमित्र

ता. क. कानटोप्या विकत घेऊ नकोस. माझ्या आईने चारही पोरांसाठी विणायला घेतल्या आहेत. धाकट्याच्या डोक्याचं माप तेवढं सुतळीने घेऊन कळव.