फुटपाथ आहे की ओटा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवर आमच्या रस्त्यावरच्या नव्या फुटपाथच्या लोकार्पणाचा फोटो पाहिला. अभिनंदन! फक्त एक बारीकशी गोष्ट: फोटोतले सातही मान्यवर रस्त्यावर उभे आहेत आणि मागे फुटपाथ मोकळा. का, ते सांगतो.

बातमी वाचली आणि टेप घेऊन खाली उतरलो. आमच्या फाटकापाशी फुटपाथची कड भरली साडेअकरा इंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या २०१२ च्या नियमावलीत (आयआरसी १०३) ही उंची १५० मिलिमीटरच्या वर नको असं आहे. म्हणजे सहा इंच. जवळजवळ दोन पायऱ्या आम्ही एका दमात चढायच्या.

सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झालेत. परवा भाजी घेऊन येताना तिने एक पाय वर ठेवला, दुसरा काही उचलेना. एका हातात पिशवी, दुसरा हात विजेच्या खांबाला. शेवटी भाजीवाल्याने दंडाला धरून वर घेतलं. आठ पावलांवर शेजारच्या बंगल्याचं फाटक, तिथे पुन्हा खाली! आता ती रस्त्यानेच चालते, मागून हॉर्न ऐकत.

कामावरच्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "आजोबा, दुचाक्या चढू नयेत म्हणून उंच केलंय." वा! दुचाक्या फाटकांच्या उतारावरून आरामात चढतात. सिग्नल लागला की रांगेने. पुढे मेडिकलपाशी तर उलटी तऱ्हा. तिथे डांबरावर डांबर ओतून कड उरली आहे दीड इंच, पावसाचं पाणी थेट दुकानात.

आणि जुने दगड कुठे गेले? घडीव काळा पाषाण, टाकीच्या खुणा बोटाला लागायच्या. माझ्या लहानपणापासून एकही हललेला पाहिला नाही. त्यांच्या जागी आलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांचे कोपरे फीत कापायच्या आधीच उडाले, वर पिवळा-काळा रंग फासला की झालं. जुने दगड टेंपोत भरताना मी गॅलरीतून पाहिलेत. आपल्या बातमीदाराने तेवढं विचारायला हवं होतं. त्याने रांगोळी किती फुटांची होती ते मात्र नेमकं दिलं आहे.

जाता जाता: रविवारच्या शब्दकोड्याचा टाइप इतका बारीक केलाय की भिंग लागतं. उभे १४ चं उत्तरही चुकलंय.

आपला,
एक जुना वाचक (टेपसह)